कापलेल्या क्लेमचा भाव कसा काढावा

प्रथम पात्रता. हे मार्गदर्शन आमच्या मेव्हण्यांसारख्यांसाठी आहे. ते सुरतमधल्या कतारगामच्या कारखान्यात हिऱ्यांचं असॉर्टिंग करतात. खडा भिंगाखाली धरला की वजन, रंग, शुद्धता, कट सांगून मोकळे. मग रॅपापोर्टच्या साप्ताहिक यादीवर बोट ठेवून 'रॅपच्या इतके टक्के खाली' असा भाव बोलतात. हिऱ्यासारख्या लबाड वस्तूलाही छापील भाव आहे. हर्नियाला नाही. हर्नियाच्या ऑपरेशनचा क्लेम कापून आला तेव्हा मेव्हण्यांनी विमा कंपनीचं पत्र दहापट भिंगाखाली धरलं. खरंच धरलं.

नियम पहिला : मंत्र पाठ करावा. पत्रात 'रीझनेबल अँड कस्टमरी चार्जेस' असं लिहिलेलं असतं. पॉलिसीतल्या व्याख्येचा मथितार्थ असा की त्या भौगोलिक परिसरात तशाच उपचाराला जो दर चालू असेल, तो. आता परिसर म्हणजे गजेरा सर्कलपर्यंत, की तापी ओलांडून अमरोलीही धरायची? तो दर कोणी, कधी, कुठल्या इस्पितळात जाऊन विचारला? टीपीएच्या, म्हणजे कंपनीसाठी क्लेम हाताळणाऱ्या मध्यस्थाच्या, खिडकीवर चौकशी केली तर "सिस्टममध्ये येतो" असं कळतं. सिस्टम कुठे बसते ते विचारू नये, मागे रांग असते.

नियम दुसरा : खोली बेतानं घ्यावी. हा नियम विनोदी नाही, म्हणून सावकाश वाचावा. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा रोजची 5,000 आणि तुम्ही घेतली 8,000 ची, तर वरचे 3,000 खिशातून गेले की संपलं असं वाटतं. संपत नाही. सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, सगळं पाच-अष्टमांश होतं. औषधं, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयू यांना मात्र विमा नियामकाच्या 2020 च्या नियमांनुसार ही कात्री लावता येत नाही. आणि खोलीनुसार बिल न बदलणाऱ्या इस्पितळात तर ती चालवायचीच नाही. पण हे खिडकीवर आपणहून कोण सांगणार? मेव्हण्यांनी एसी सिंगल घेतली होती, "पाहुणे येतील, बरं दिसत नाही" म्हणून. पाहुणे आले. बरं दिसलं.

नियम तिसरा : कंगवा घरून न्यावा. इन्शुरन्सच्या याद्यांत कंगवा, सपाता, टूथपेस्ट, इतकंच काय ओ-डी-कोलोनसुद्धा खोलीभाड्यात धरलेलं आहे. डायपर आणि क्रेप बँडेज तर बहुधा 'देय नाही' या रकान्यातच. म्हणजे कोलोनच्या बाटलीचा विचार करून ठेवणारा माणूस या देशात आहे. शस्त्रक्रियेचा दर कागदावर लिहून हातात देणारा तेवढा सापडायचाय.

नियम चौथा : खोलीत आरडाओरडा करू नये, कागदावर करावा. नियामकाच्या 2024 च्या मास्टर सर्क्युलरप्रमाणे क्लेम अंशतः कापला तरी पॉलिसीतल्या नेमक्या कोणत्या अटीखाली कापला ते कंपनीनं कळवायचं असतं. तेव्हा रकमेवार खुलासा मागावा: मूळ आकार किती, मंजूर किती, तुलनेला कुठला दर घेतला. फोनवर मागितलं तर गोड आवाज मिळतो, ईमेलवर मागितलं तर तारीख मिळते. तारीख जपून ठेवावी. मेव्हण्यांनी सगळे कागद हिऱ्याच्या पुडीसारख्या घड्या घालून ठेवलेत, प्रत्येकावर बारीक अक्षरात नोंद. त्यांची पावती कधी हरवत नाही, हे त्यांच्यावर वैतागलेली आमची बहीणही कबूल करते.

नियम पाचवा : कंपनीनं महिनाभर दाद दिली नाही, किंवा दिलेली पटली नाही, तर विमा लोकपाल. गुजरातसाठी कार्यालय अहमदाबादला. फी नाही, वकील चालत नाही, 50 लाखांपर्यंतची भरपाई देता येते. नकारानंतर वर्षाच्या आत जायला हवं.

मेव्हण्यांना हे समजावलं. त्यांनी भिंग डोळ्याला लावूनच विचारलं, "अहमदाबादला जायचं भाडं क्लेममध्ये बसतं का?"

यादी पाहिली. 'कन्व्हेयन्स चार्जेस' आहे, डायपरच्याच रकान्यात.