ठेवणीतली बॅटरी

मध्यमवर्गीय मराठी घरात नवी वस्तू आली की ती कधी वापरायची नाही, हे आधी ठरतं. सोफ्याला कव्हर, आणि कव्हर मळू नये म्हणून त्यावर जुनी चादर. टीव्हीचा रिमोट अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत, त्यामुळे आवाज वाढवायला बटणाऐवजी बटणाचा अंदाज दाबावा लागतो. बोन चायनाचे कप ‘चांगल्या पाहुण्यांसाठी’ ठेवलेले, आणि इतके चांगले पाहुणे आमच्याकडे आजवर आलेले नाहीत. या शिस्तीत मिक्सर, इस्त्री आणि जावई असे सगळे निमूट बसले. बसली नाही ती एकच : मोबाइलची बॅटरी.

खरं तर तिला जपण्यात आम्ही काही कमी केलं नाही. बॅटरीबद्दल सल्ला द्यायला आपल्याकडे शिक्षण लागत नाही, मोबाइलही लागत नाही. पूर्वी नवा फोन हातात देताना दुकानदार सांगायचा, “पहिल्यांदा आठ तास चार्जिंगला लावा, मध्ये अजिबात काढू नका.” सत्यनारायणाची कथा अर्धवट टाकून उठू नका, हे सांगताना गुरुजींचा जो स्वर लागतो, तोच. घरची मंडळी मग त्या आठ तासांत फोनजवळून पाय न वाजवता जायची.

सल्ला खोटा नव्हता, शिळा होता. सुरुवातीच्या मोबाइलमध्ये निकेलच्या बॅटऱ्या असत. त्यातली निकेल-कॅडमियम बॅटरी अर्ध्यावरूनच पुन्हा पुन्हा भरत राहिलं, तर तेवढ्याचीच सवय लावून घ्यायची आणि उरलेला अर्धा भाग विसरून जायची. म्हणून ती पूर्ण उतरवा, मग पूर्ण भरा. सोनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. हिला ही विस्मरणाची खोड नाही. पुढे सगळ्यांच्या खिशात हीच आली. बॅटरी बदलली, सल्ला मात्र तसाच, पूर्ण चार्ज.

आमचे सासरे, म्हणजे अण्णा, आजही फोन शून्यावर आल्याशिवाय तो चार्जिंगला लावत नाहीत. “पूर्ण उतरू दे, मग भर. आयुष्य वाढतं.” बॅटरीचं वाढतं की नाही ते राहू दे; पण रोज संध्याकाळी अण्णांचा फोन बंद असतो आणि अण्णा कुठे आहेत हे सोसायटीच्या वॉचमनला विचारावं लागतं. लिथियमला पोट रिकामं ठेवलेलं मुळीच सोसत नाही. फोन शून्य दाखवतो तेव्हाही आत थोडं राखून ठेवलेलं असतं, म्हणून निभावतं. तसाच महिनोन्महिने पडून राहिला, तर व्होल्टेज इतकं खाली जातं की आतलं संरक्षक सर्किट चार्जिंग घ्यायलाच नकार देतं.

अण्णांचा दुसरा उपाय उन्हाचा. रेडिओचे सेल संपत आले की ते गॅलरीत उन्हाला ठेवायचे, हे ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे की त्यानंतर निदान बातम्या तरी पुऱ्या व्हायच्या. उबेने त्या सेलमधली मंदावलेली रासायनिक क्रिया थोडी जोर धरायची. एका मे महिन्यात अण्णांनी त्याच श्रद्धेने मोबाइल गॅलरीत ठेवला. थोड्या वेळाने फोनने स्क्रीनवर तापल्याचा इशारा दिला आणि तो बंद पडला. अण्णा म्हणाले, “बघ, कसा शांत विश्रांती घेतोय.” लिथियमचा पहिला शत्रू उष्णता. जाड कव्हरात गुंडाळून उशीखाली चार्जिंगला लावलेला फोन म्हणजे तिच्यासाठी बारमाही मे महिना.

बॅटरीकडे आख्ख्या देशाने एकदाच निरखून पाहिलं, ते ऑगस्ट २००७ मध्ये. नोकियाने जाहीर केलं की डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात मात्सुशिता या कंपनीने बनवलेल्या काही बीएल-५सी बॅटऱ्या चार्जिंगच्या वेळी जास्त तापू शकतात. अशा बॅटऱ्या होत्या ४ कोटी ६० लाख. जगभरातून तक्रारी आल्या होत्या शंभरेक, आणि गंभीर दुखापत कुणालाच नव्हती; पण आपल्याकडे दोन दिवसांत प्रत्येक खिशात बॉम्ब असल्याची वदंता पसरली. बॅटरीच्या पाठीवरचा २६ अक्षरी क्रमांक पडताळून घ्यायचा होता. अण्णांनी भिंग काढलं. ते वाचणार, मी लिहिणार आणि बायको ताळा पाहणार, अशी वाटणी झाली.

“हे शून्य की ओ?”

“अण्णा, तुम्हीच सांगा, भिंग तुमच्याकडे आहे.”

“भिंगातून मोठं शून्य दिसतंय. मोठा ओही असू शकेल.”

शेवटी आमची बॅटरी निर्दोष सुटली. घराने सुटकेचा निःश्वास टाकला. अण्णांना मात्र किंचित वाईट वाटलं. सदोष निघाली असती तर नवी फुकट मिळणार होती.

तेव्हा निदान नखाने झाकण उघडून बॅटरी हातात घेता यायची. आता ती आत गोंदाने चिकटवलेली असते आणि बदलायची तर पाठ गरम करून उघडावी लागते. त्यासाठी पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या आसपास गेलं की ओरिजिनल या गुणाला किती पायऱ्या असतात ते कळतं.

“काका, कुठली टाकू? साधी, ओरिजिनल, की एकदम ओरिजिनल?”

“फरक काय?”

“साधी चारशे, ओरिजिनल सातशे, एकदम ओरिजिनल अकराशे.”

“आणि कंपनीची?”

त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. “ती कंपनीत मिळते, काका.”

निवड करायचीच तर काही खुणा आहेत. वेष्टनावर एमएएचचा आकडा मूळ बॅटरीच्या दीडपट आणि हातात मात्र ती हलकी लागते, तर तो आकडा छापखान्याने दिलेला आहे, कारखान्याने नव्हे. भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह, त्याबरोबर आयएस १६०४६ आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, ते पाहावं. सगळ्यात महत्त्वाची उत्पादनाची तारीख. कारण त्या मुलाने शेवटी आवाज खाली आणून सांगितलं, “जुन्या स्टॉकमधली एक आहे, सील पॅक. चार वर्षं खास जपून ठेवलीय.” आणि नेमकी तीच घ्यायची नसते.

हे आपल्या रक्तात उतरायला अवघड आहे. लिथियमचे आयन ग्रॅफाइट आणि धातूचं ऑक्साइड यांच्यामध्ये ये-जा करतात. त्या प्रत्येक खेपेत थोडे वाटेतच अडकून पडतात. साधारण पाचशे पूर्ण खेपांनंतर क्षमता ऐंशी टक्क्यांच्या आसपास येते, असा बऱ्याच फोनचा हिशेब. यात आज अर्धं आणि उद्या अर्धं भरलं तर मिळून एकच खेप धरतात. त्यामुळे “सारखा काय चार्जिंगला लावतोस!” या घरगुती आरोपात शास्त्रीय तथ्य नाही. पण गंमत पुढे आहे : ये-जा केलीच नाही तरी आतली रसायनं स्वस्थ बसत नाहीत. बॅटरी पडल्या पडल्याही म्हातारी होते. पूर्ण भरलेली आणि गरम जागी असेल तर आणखी लवकर. तिला आवडतं वीस ते ऐंशी टक्क्यांमधलं जगणं. हल्ली बऱ्याच फोनमध्ये ऐंशीला चार्जिंग थांबवायची सोय असते. ती मी अण्णांच्या फोनवर चालू करून दिली, तर त्यांनी ताबडतोब बंद करायला लावली. “पैसे शंभराचे घेतले ना त्यांनी?”

या बॅटरीसाठी २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना मिळालं. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते, आजवरचे सर्वांत वयोवृद्ध नोबेलविजेते. जन्मदात्याचा हा एक गुण बॅटरीने घ्यायला हवा होता.

तिचा खरा स्वभाव आमच्या आत्याला कळला. भाच्याने दुबईहून आणलेला फोन तिने पूर्ण चार्ज करून, डबीसकट, पैठणीच्या घडीत ठेवला होता. “नातवाच्या मुंजीला काढीन.” मुंजीच्या आदल्या दिवशी डबी उघडली, तर फोनची स्क्रीन एका बाजूने वर उचललेली. आतली बॅटरी फुगून उशीसारखी झाली होती.

“अगं आत्या, आत वायू तयार झालाय. दाबू नकोस, टोचू नकोस, चार्जिंगला तर अजिबात लावू नकोस.”

“पण मी हातसुद्धा लावला नाही रे त्याला!”

“म्हणूनच.”

आत्या बराच वेळ पैठणीकडे पाहत राहिली. फुगलेल्या बॅटरीचं ते धूड कचऱ्यात टाकायचं नसतं, ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्यायचं असतं. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवरच टाकली आहे. आम्ही तसं केलं. मग तिला नवा फोन घेऊन दिला आणि निक्षून सांगितलं, की ही वस्तू ठेवून टिकत नाही, वापरायचीच.

आत्याने ते मनावर घेतलं. आता पहाटेपासून अभंग, दुपारी मालिका, रात्री पाककृती. पैठणीही दोनदा नेसून झाली. फोनची तब्येत विचारायला गेलो, तर बॅटरी ठणठणीत होती आणि फोन लांबड्या वायरने भिंतीपलीकडून, शेजारणीच्या स्वयंपाकघरातून चार्ज होत होता.

“आत्या, तुझा चार्जर कुठंय? नवाकोरा दिला होता की!”

“कपाटात आहे. तो तरी चांगला राहू दे.”