काय लिवेल हाये, थे वाच

अमरावतीत कठोरा नाक्याकडे इंजिनीअरिंगची पोरं खोल्या घेऊन राहतात, आणि अशा चार-पाच खोल्यांमागे एक भाऊ असतो. त्याला नाव असतं, पण ते फक्त हजेरीपुरतं. घर अकोल्याला, जठारपेठेत नाही तर गोरक्षण रोडला. शनिवारी मूर्तिजापूरमार्गे गावी, सोमवारी परत, आणि गिऱ्हाईक दोन्हीकडे. गाडीच्या किल्लीला चार पेनड्राइव्ह लोंबत असतात. एकात उबुंटू, एकात काली, एकात विंडोज. चौथ्यात काय आहे ते तो सांगत नाही.

भाऊचा हंगाम एप्रिलमधला. 'व्हर्च्युअल मशीनमध्ये लिनक्स इन्स्टॉल करा, स्क्रीनशॉट फाइलला लावा' हे प्रॅक्टिकल मास्तर सत्राच्या सुरुवातीला सांगतात आणि पोरं सबमिशनच्या आदल्या रात्री ऐकतात. लॅपटॉपच्या आत एक खोटा लॅपटॉप उभा करायचा आणि त्यावर खरी ऑपरेटिंग सिस्टीम चढवायची, एवढंच काम. कल्पना जुनीच आहे. आयबीएमने १९७२ मध्येच व्हीएम/३७० आणलं होतं. भाऊ हे साल पोरांच्या तोंडावर मारतो. "तवा तुहा बाप जन्मला नसन बे, अन् तुले अजूनबी जमून नाई राह्यलं!"

या माणसाचं सगळं शास्त्र एवढंच, की पडद्यावर जे उमटतं ते तो वाचतो. दुसरं कोणीच वाचत नाही. एरर आली की पोरगं आधी ओके दाबतं, मग घाबरतं, मग फोन लावतं.

"भाऊ, एरर येऊन राह्यली."

"कोणती?"

"मोठी हाये."

"अबे, काय लिवेल हाये, थे वाच ना!"

वाचलं की निम्मं काम तिथेच संपतं. 'नो बूटेबल मीडियम फाउंड' म्हणजे पठ्ठ्याने आयएसओ फाइल जोडलेलीच नाही. इन्स्टॉल होऊन पुन्हा पहिल्यापासून भाषा विचारायला लागलं, म्हणजे तीच आयएसओ काढायची राहिली. आठ जीबी रॅममधली सात आतल्या मशीनला देऊन बाहेरची विंडोज गुदमरवणारे महाभागही भेटतात. त्यांना भाऊ आधी शिव्या देतो, उपाय नंतर. अवघड असतं ते तिसऱ्याच जातीचं. कर्नल म्हणतो, मला ६४ बिटचा प्रोसेसर हवा होता, इथे तर आय६८६ दिसतोय. पोरगं म्हणतं, लॅपटॉप नवा आहे. दोघंही खरं बोलत असतात. प्रोसेसरमधली व्हर्च्युअलायझेशनची सोय बायोसमध्ये बंद, म्हणून व्हर्च्युअलबॉक्सच्या जुन्या आवृत्तीच्या यादीत ६४ बिटचे पर्यायच नाहीत, म्हणून पोराने दिसेल ते ३२ बिटचं निवडलेलं. इंटेलने ही सोय २००५ मध्ये दिली. ती चालू करून द्यायचं बऱ्याच लॅपटॉपवाल्यांना सुचलं नाही. भाऊचा चहा त्यावर चालतो.

बायोसमध्ये एनीडेस्क पोचत नाही. म्हणून भाऊ अमरावतीत, लॅपटॉप अकोल्यात, आणि मधे व्हिडिओ कॉल. अकोल्यात पारा बेचाळीसवर, लॅपटॉप कुलरसमोर पाटावर ठेवलेला.

"एफ टेन दाब. सोडू नोको, दाबत राय. दिसलं व्हर्च्युअलायझेशन?"

"हो. डिसेबल्ड."

"थे इनेबल्ड कर. बाकी कायलेच हात नोको लावू. अन् फोन कुलरपासून दूर धर, मले निस्ती घरघर ऐकू येऊन राह्यली."

गाडं पुढे सरकलं आणि 'इरेज डिस्क अँड इन्स्टॉल उबुंटू' या पाटीपाशी अडलं. पोराने ते मोठ्याने वाचलं. (वाचायची सवय भाऊनेच लावलेली.) आतल्या खोलीतून वडील धावत आले. त्या लॅपटॉपात बहिणीच्या लग्नाचे फोटो होते, सातबारा होता, पीकविम्याच्या पावत्या होत्या.

"काका, घाबरू नोका," भाऊ फोनमधून म्हणाला. "हे आपलं वावर नोय. यानं कोपऱ्यातला पंचवीस जीबीचा तुकडा बटईनं देला. नांगर तेवढ्यावरच चालते."

काकांनी क्षणभर विचार केला. "अन् बटईवाल्यानं धुरा कोरला तं?"

कॉम्प्युटर शाखेची चार वर्षं काढूनही पोरं हा प्रश्न विचारत नाहीत. भाऊ सावरून बसला.

"कोरला होता काका. २०१५ मधी. फ्लॉपीच्या बाजूनं."

बोलणं अक्षरशः खरं. त्या वर्षी 'व्हेनम' नावाचं भगदाड सापडलं होतं. आभासी फ्लॉपी ड्राइव्हच्या जुन्या कोडमधून आतल्या मशीनला बाहेर पडता येत होतं. फ्लॉपी कोण वापरतं? पण कोड तसाच पडून होता, व्हर्च्युअलबॉक्समध्येसुद्धा.

"मंग?"

"बुजवला लगेच."

"मंग चालू दे," म्हणून काका आत गेले.

भाऊ पैसे घेत नाही. गिला वडा खातो, तो मात्र मोजत नाही. 'काही करायच्या आधी स्नॅपशॉट घेत जा' हा त्याचा लाडका उपदेश, आणि स्वतःच्या लॅपटॉपात स्नॅपशॉटचे एवढे थर, की डिस्क भरून त्याचीच मशीन अर्ध्यात थांबते. त्याची स्वतःची फाइल कधीच वेळेवर पूर्ण नसते. घाई मात्र अखंड. इन्स्टॉल करताना नाव विचारलं की बोटं सवयीने 'भाऊ' टाइप करतात, आणि पुढचं नाव उबुंटू आपणहून जोडतं.

तोंडी परीक्षेला अकोल्याहून बाहेरचे परीक्षक आले होते. एकेक फाइल उघडून ते पुढे सरकवत होते. प्रत्येक स्क्रीनशॉटमध्ये टर्मिनलवर एकच ओळ होती: भाऊ ॲट भाऊ-व्हर्च्युअलबॉक्स. बॅचच्या मास्तरांना घाम फुटला.

परीक्षकांनी शेवटची फाइल मिटली, चष्मा पुसला.

"आमच्याकडंबी येऊन गेला हा," ते म्हणाले. "चांगलं करते पोट्टं."