पाच गेल्या, चार आल्या

तुम्हाला कळलं का वहिनी? पाच जणी जंगलात गेल्या आणि बाहेर आल्या चारच! अहो नाही, आपल्या भिशीतल्या नव्हेत. ऑस्ट्रेलियातल्या, मेलबर्नच्या एका कंपनीतल्या. हो, कादंबरीच. पण तुम्ही मिरच्या पसरा निवांत, मी सांगते.

'फोर्स ऑफ नेचर' नाव, जेन हार्परची. २०१७ साली आली. बाई आधी वर्तमानपत्रात बातमीदार होती, त्यामुळे उगाच पाल्हाळ नाही. कंपनीनं टूम काढलेली, ऑफिसातल्यांची आपसात एकी वाढावी म्हणून त्यांना रानात धाडायचं. पाठीवर सॅक, हातात नकाशा, आणि मोबाइल आधीच काढून ठेवायचे. पुरुषांचा गट वेगळा, बायकांचा वेगळा. पुरुष ठरल्या वेळेला बाहेर. बायकांचा पत्ता नाही. बऱ्याच उशिरा चौघी आल्या, खरचटलेल्या, दमलेल्या. आणि पाचवी, अ‍ॅलिस, ती कुठे? तर म्हणे सकाळी उठून बघतो तर ती नव्हतीच!

नाही ना पटत? त्या फॉकलाही नाही पटलं. एरन फॉक, पोलीसच तो, पण खून-मारामारीवाला नव्हे. पैशांच्या अफरातफरी शोधणारा. अ‍ॅलिस आपल्याच कंपनीचे कागद गुपचूप त्याला आणून देणार होती. आणि तिच्या फोनवरून पहाटे त्याला एक निरोप आलेला, नुसती खरखर आणि त्यातून कुणाला तरी इजा झाल्यासारखे तुटके शब्द. म्हणजे बघा, ठेवून यायचा फोन बाईनं लपवून नेलाच होता!

खरी गंमत मात्र त्या पाच जणींची. मालकाच्या घरातली एक, अ‍ॅलिसची शाळेपासूनची मैत्रीण एक, आणि दोन जुळ्या बहिणी, ज्या एकमेकींशी धड बोलत नाहीत. एकीला बढती हवीय, दुसरी तुरुंगात जाऊन आलेली. वाट चुकेपर्यंत सगळ्या कशा गोड बोलतात. मग तंबू नाहीत, खायला नाही, वरून पाऊस, आणि तिथून एकेकीच्या उखाळ्यापाखाळ्या सुरू. पाणी कुणी जास्त प्यायलं, नकाशा कुणी उलटा धरला, वर्षानुवर्षांपूर्वी शाळेत कोण काय बोललं होतं! हे सगळं बाईनं इतकं बारीक टिपलंय की मला आमच्या ऑफिसातलं डबे खायचं टेबल आठवलं. कोण कोण, ते विचारू नका.

वाघबिघ नाही हो तिकडे! ऑस्ट्रेलियात वाघ-बिबटे मुळी नाहीतच. निलगिरीची झाडं, जिकडे बघावं तिकडे सारखीच, आणि हाडं गोठवणारी थंडी. जिरलँग डोंगर म्हणतात, पण नकाशात शोधू नका. ते लेखिकेनं रचलेलं नाव. बाकी माणूस रानात हरवणं हे त्या लोकांच्या मनात फार जुनं बसलंय. १८८५ मध्ये मेलबर्नजवळ लिलीडेलला बारा वर्षांची एक मुलगी तीन आठवडे रानात हरवली होती आणि जिवंत सापडली. पुढच्याच वर्षी फ्रेडरिक मॅककबिननं उंच गवतात एकटीच उभी राहिलेली मुलगी रंगवली. चित्राचं नावच 'लॉस्ट'. मग १९६७ मध्ये जोन लिंडसेची 'पिकनिक अ‍ॅट हँगिंग रॉक'. शाळेच्या सहलीतल्या मुली खडकावर चढतात आणि गायब. का, कशा, काही म्हणजे काही सांगितलेलं नाही! उलगड्याचं शेवटचं प्रकरण प्रकाशकांनी काढून टाकायला लावलं आणि ते छापलं गेलं १९८७ मध्ये, लिंडसेबाई गेल्यावर. पीटर वियरचा सिनेमाही तसाच, न सांगता संपतो. आमच्या ह्यांना तो बघून संताप आला होता.

हार्परबाई तसं नाही करत. ती सगळे धागे बांधून देते. जरा जास्तच बांधते, असं माझं मत. त्याच रानात पूर्वी एका माणसानं बायकांचे खून केलेले, अशी एक भानगड तिनं मध्ये घुसवलीय. मला नाही आवडली. पाच बायका, एक ओलं रान आणि डोक्यातल्या जुन्या अढ्या एवढं असताना बाहेरचा राक्षस हवाय कशाला? फॉक आपल्या वडिलांनी खुणा केलेले जुने नकाशे उलगडून बसतो, तो भाग मात्र छान आहे. वडिलांशी कधी जमलं नाही आणि आता त्यांचं अक्षर वाचत बसायचं.

सिनेमा आलाय ना, २०२४ मध्ये. एरिक बाना आहे फॉक. पण त्यात फॉकच्या आईचीही एक गोष्ट जोडलीय, पुस्तकात नाही ती. रान सुरेख दाखवलंय, पण पुस्तकातल्या बायकांची ती चिडचिड दोन तासांत कुठून येणार?

शेवट? नाही सांगणार. अहो नाही म्हणजे नाही! एवढंच सांगते, माझा जिच्यावर संशय होता, तिनं काहीच केलेलं नव्हतं. पुस्तक देते, पण वाचून झालं की मलाच आणून द्या. परस्पर जाऊबाईंकडे गेलं तर ते परत यायचं नाही.