रूळ हलवायचेत? तबकडी बसवा!

पिंपरी-चिंचवडमधल्या थेरगाव, रहाटणी, काळेवाडीच्या रहिवाशांचं चुकलंच. सार्वजनिक वाहतुकीसाठी विकास आराखड्यात राखलेली ‘एचसीएमटीआर’ची ३० मीटर रुंद पट्टी आपल्या स्वयंपाकघरावरून जाते म्हटल्यावर २०१७ साली त्यांनी काय केलं? घर बचाव संघर्ष समिती काढली. मोर्चे नेले, निवेदनं दिली, आखणी बदला म्हणून घसा कोरडा केला. मराठवाड्या-विदर्भातून कारखान्यात कामाला आलेली माणसं ती! फंडातले पैसे काढून अर्धा-एक गुंठा घेतलेला. नकाशावरची रेघ माणसांच्या ओरडण्याने हलते, असं त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे.

रेघ कशी हलते ते खोडदला जाऊन पाहावं. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वे, २३५ किलोमीटर, चाकण-मंचर-नारायणगाव-संगमनेरमार्गे. मोजणी झाली, काही गावांत खरेदीखतंही झाली. आणि मग खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने हरकत घेतली. मोर्चा नाही, घोषणा नाहीत. ताऱ्यांकडून येणाऱ्या क्षीण रेडिओलहरी विजेवरच्या गाडीच्या गोंगाटात बुडतील, एवढंच म्हणणं. म्हणणं शंभर टक्के रास्त, त्यात चेष्टेला जागा नाही. रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी सांगून टाकलं, जुना मार्ग होणार नाही; गाडी अहिल्यानगर-शिर्डीकडून जाईल.

आमची शंका वेगळीच. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. नव्वदच्या दशकापासून जुन्नर तालुक्यात आणि आसपास आभाळाकडे तोंड करून उभ्या. रेघ मारणाऱ्या साहेबांना त्या दिसल्या नाहीत? अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेली लहर टिपणारी यंत्रणा आपल्याकडे आहे. शेजारच्या टेबलावरच्या खात्याला एक पत्र टाकून ‘इथून गाडी नेली तर चालेल का’ विचारणारी मात्र नाही.

आता खेड, आंबेगाव, जुन्नर, संगमनेरची मंडळी जुन्याच मार्गासाठी आंदोलनं करताहेत. म्हणजे तिकडे थेरगावात ‘रेघ काढा’, इकडे मंचरात ‘रेघ परत आणा’. दोघांनाही आश्वासन एकच : सकारात्मक विचार करू. वळसा शिर्डीचा असल्याने सगळ्यांनी श्रद्धा ठेवावी. सबुरीची शिकवण निराळी द्यायला नको; चाकणच्या तळेगाव चौकातल्या वाहतूक कोंडीत कंपनीच्या बसमध्ये बसून शिफ्ट चुकताना पाहणाऱ्या कामगाराकडे ती मुबलक आहे.

तर एचसीएमटीआरवाल्यांना आमचा फुकटचा सल्ला : समिती बरखास्त करा आणि गच्चीवर दुर्बीण बसवा. अडचण एकच. ४५ मीटर व्यासाच्या एका तबकडीला जवळजवळ सोळा गुंठे लागतात. तेव्हा अर्ध्या गुंठ्याच्या बत्तीस घरमालकांनी एकत्र येऊन सहकारी तत्त्वावर एक उभारावी. चेअरमनपदावरून भांडणं होतील, दोन पॅनेल पडतील, ते चालायचंच. तबकडी उभी राहिली की दिल्लीला एक पत्र टाकायचं : आम्ही विश्वाची उत्पत्ती ऐकतो आहोत, कृपया गोंगाट नको.

दिल्ली लगेच ऐकेल. आमची धास्ती महापालिकेची. अनधिकृत बांधकामांवरचा शास्तीकर २०२३ मध्ये कुठे माफ झाला. तबकडी विनापरवाना ठरवून तो पुन्हा सुरू करायला त्यांना आकाशातून संदेश यावा लागणार नाही.