तांबडा रस्सा आणि चिनी दरबार

मला चिनी येतं ही बातमी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत पसरली, त्यात माझा वाटा निम्माच. उरलेला निम्मा शेजारच्या तात्यांचा. एका रात्री ते मिक्सर परत द्यायला आले, तेव्हा मी टीव्हीसमोर बसून चिनी बादशहाच्या तोंडची वाक्यं त्याच्या आधी म्हणत होतो. तात्या चौकटीतच थबकले.

"व्हय ओ, तुमास्नी चिनी येतंय?"

"येतं थोडंफार," मी म्हणालो.

'थोडंफार' हा शब्द मोठा सोयीचा. त्यात थोडंही असतं आणि फारही. ज्याला जे हवं ते त्यानं उचलावं. तात्यांनी 'फार' उचललं.

मूळ दुखणं पायाचं होतं. 2018 साली जिन्यावरून घसरून घोटा मोडला आणि सहा आठवडे प्लॅस्टरमध्ये अडकलो. पुतण्यानं वेळ जायला म्हणून 'निर्वाणा इन फायर' ही चिनी मालिका लावून दिली. 54 भाग. कट, विष, बदला, बर्फ. प्लॅस्टर निघालं तरी मी निघालो नाही. पुढे बादशहा छ्येनलोंगच्या जनानखान्याची 'स्टोरी ऑफ यानशी पॅलेस' घेतली, तिचे 70. एकूण 124 भाग, दर भाग पाऊण तासाचा धरला तर 93 तास. एवढ्या तासांत माणूस ट्रक चालवायला शिकतो.

तरी बरं, मराठी जिभेला काही गोष्टी आयत्या मिळतात. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं चिनी वाचून जग 'बेजिंग' म्हणतं, पण तो 'ब' खरा आपल्या 'प'च्या घरचा. त्यांचा 'प' म्हणजे आपला ओठ मिटून म्हटलेला 'फ', त्यांचा 'त' म्हणजे आपला 'थ'. प-फ, त-थ, क-ख हे आपण पहिलीतच घोकून बसलेलो. 'चोरा'तला च आणि 'चंद्रा'तला च वेगळा हेही आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. 'चहा' तर त्यांचाच.

आडवे आले ते सूर. एकच 'मा' सपाट म्हटला तर आई, चढवला तर ताग, खाली नेऊन वर आणला तर घोडा आणि झटक्यात पाडला तर शिवी घालणं. मला वाटलं, यात काय अवघड? कोल्हापुरात 'व्हय' आपण चार तऱ्हांनी म्हणतोच : कबुलीचा, संशयाचा, टोमण्याचा आणि 'बघून घेतो'चा. पण आपल्या 'व्हय'चा सूर चुकला तर फार तर भांडण होतं. 'व्हय'चा घोडा होत नाही.

एकदा स्वतःची परीक्षा घ्यावी म्हणून पडद्याच्या खालच्या पट्टीवर 'पुढारी'ची घडी चिकटवली, इंग्रजी ओळी झाकल्या आणि ओळखीचा भाग लावला. दहा मिनिटांत कळलं की गेलं वर्षभर मी चिनी ऐकत नव्हतो, इंग्रजी वाचत होतो. बायको म्हणाली, "म्हणजे एवढे दिवस इंग्रजीच शिकत होता की! ते तरी सुधारायचं." ऐतिहासिक चिनी मालिकांत पुष्कळदा तोंड एका नटाचं आणि आवाज दुसऱ्याचा असतो, हे मला त्यानंतर कळलं. ही बातमी मी घरात सांगितली नाही.

घडी मी काढून टाकली. 'थोडंफार' मात्र तसंच ठेवलं.

ते अंगाशी आलं 2019 च्या दिवाळीनंतर. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत चिनी मशीन आलं होतं आणि ते बसवायला एक तरुण तंत्रज्ञ. मालक तात्यांचे पाहुणे. तात्यांनी मला गाडीवर घालून नेलं आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "आमचं साहेब. फाडफाड चिनी बोलत्यात."

पोरगा आनंदानं पुढे आला आणि बोलायला लागला. मालिकेतली माणसं मरताना बोलतात, त्यामुळे सावकाश बोलतात. हा जिवंत होता. मला एकही शब्द अलग करता येईना. काहीतरी म्हणावं म्हणून कमरेत वाकून मी माझी ओळख करून दिली. 'मी'साठी 'वो' हा साधा शब्द मला माहीत होता, पण थोर माणसांसमोर खाली मान घालून म्हणायचा 'नू-त्साइ' मला जास्त अदबीचा वाटायचा.

पोरगा पोट धरून बसला. मग मोबाइलवर भाषांतर करून दाखवलं. दरबारातले खोजे बादशहासमोर स्वतःला असं म्हणवून घेत. माफी मागावी म्हटलं, तर मला येणारी माफी एकच, 'त्स्वेइ काइ वान स' : माझा गुन्हा दहा हजार मरणांच्या लायकीचा आहे. तीही मागून टाकली. एखाद्या चिनी माणसानं शिवकालावरच्या मालिका बघून मराठी शिकावं आणि सीबीएसवर उतरून रिक्षावाल्याला मुजरा करून "आम्हांस राजारामपुरीस घेऊन चला" म्हणावं, तसला प्रकार.

तात्यांनी मालकाच्या कानात सांगितलं, "बघा, आल्या आल्या हसीवला त्याला."

दुपारी जेवायला नेलं. पोरग्यानं तांबडा रस्सा वाटी तोंडाला लावून ओढला आणि लाल होऊन ओरडला, "ला! ला!"

मालकांनी लगेच हात वर केला. "आवडलं बघा पावण्याला! अजून आण रं!" वेटरनं वाटी भरली. पोरगा हात हलवत "ला! ला!" करतोय आणि वाटी भरली जातेय. सगळे माझ्याकडे बघू लागले. चिनीत 'ला' म्हणजे तिखट, हे मला माहीत नव्हतं. कसं असणार? माझ्या 124 भागांत तिखटावरून कुणी ओरडलेलं आठवत नाही, विष मात्र पोटभर खाल्लं होतं. त्यामुळे जेवताना तडफडणारा माणूस बघून मला सुचेल तेच सुचलं. मी त्याच्याकडे झुकलो आणि गंभीरपणे विचारलं, "यौ तू?"

म्हणजे, यात विष आहे का?

त्यानं वाटीकडे बघितलं, मग मालकांकडे, मग माझ्याकडे. तेवढ्यात कुणीतरी दही आणलं म्हणून बरं.

दही खाऊन तो माणसांत आला. गाव विचारलं तर श-च्या-च्वांग निघालं. आणि मग तो म्हणाला, "ख तीह्वा." नाव मी कुठंतरी वाचलं होतं. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस! त्यांचं चिनी नाव. त्यांची समाधी त्याच्या गावात आहे. ते 1938 साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले, भाषा तिथंच शिकले, 1941 मध्ये क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं आणि 9 डिसेंबर 1942 ला बत्तिसाव्या वर्षी गेले. मुलाचं नाव यिनह्वा ठेवलं होतं, 'यिन' म्हणजे भारत, 'ह्वा' म्हणजे चीन.

मला त्याला सांगायचं होतं की त्यांच्यावर 1946 साली 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढणारे व्ही. शांताराम आमच्या कोल्हापूरचे, कोटणीसही त्यांनी स्वतःच साकारले. एवढं साधं वाक्य! माझ्याकडे 'बादशहा' होता, 'सेनापती' होता, 'गद्दार' होता, 'नऊ पिढ्यांसह शिरच्छेद' होता. 'सिनेमा' नव्हता. शेवटी तेही मोबाइलनं सांगितलं.

परतताना मी तात्यांना खरं काय ते सांगून टाकलं. त्यांनी मुळीच वाईट वाटून घेतलं नाही. म्हणाले, "मीबी खासबागेत तीस वरीस कुस्त्या बघतोय. ढाक, कलाजंग, घिस्सा, समदं कळतंय. कुठला पैलवान कधी चुकला ते हितनं सांगतो. पर मातीत उतरलो न्हाई कधी. तुमाला उतरा म्हणालं कोण?"

तुम्हीच, असं ओठांवर आलं होतं.

बारा दिवसांनी पोरगा परत निघाला, तेव्हा निरोपाला पुन्हा गेलो. तोवर तो 'थांब', 'उचल', 'हळू', 'सोड की' असं मोल्डिंगवाल्या पोरांशी बिनचूक बोलायला लागला होता. 'लय भारी' तर असं म्हणायचा की डोळे मिटून ऐकलं तर पोरगं कागलचं वाटावं. एकही मालिका न बघता.

गाडीत बसायच्या आधी तो माझ्यासमोर आला, दोन्ही हात जोडून पार कमरेत वाकला आणि एक एक शब्द सावकाश, अगदी मेल्यासारखा म्हणाला, "नू-त्साइ काओ-थ्वेइ."

सेवक रजा घेतो. जिवंत माणसाच्या तोंडचं पहिलं आख्खं चिनी वाक्य मला कळलं. यावर बादशहा काय म्हणतो तेही मला पाठ होतं, पण ऐन वेळी आठवेना.

"व्हय व्हय," मी म्हणालो, "या परत."