आसनसिद्धी

आमच्या सोसायटीत बुलेटवाले काका बरेच आहेत. पण नुसतं 'काका' म्हटलं की सीटवाले काकाच समजायचे. वय साठीच्या आत-बाहेर, पोट टाकीला टेकलेलं, घराचा शेवटचा हप्ता गेला त्याच महिन्यात गाडी बुक केलेली. ही जात पुण्यात कोथरूडपासून विमाननगरपर्यंत आढळते. मुलगा परदेशी गेला की या लोकांना हिमालय दिसायला लागतो.

कंपनीच्या सीटबद्दल खरं तर कुणाचीच तक्रार नव्हती. काकांची नाही, काकूंची तर नाहीच. पण रविवारी पहाटे मिसळ खायला जाणाऱ्या ग्रुपात कुणीतरी विचारलं, "काका, अजून स्टॉक सीटवर?" 'अजून भाड्याच्याच घरात?' असं विचारावं त्या सुरात. घरी पोचेपर्यंत काकांची कंबर धरली होती.

तेव्हापासून काकांचा मुक्काम नाना पेठेत. तिथल्या सीटवाल्याच्या टपरीसमोर ते स्टुलावर बसतात आणि फोमचे तुकडे अंगठ्यानं दाबून पाहतात. लग्नाचा शालू पारखतानाही माणूस इतका वेळ घेत नाही. "चाळीस डेन्सिटी दाखव. मऊ नको. बसताना मऊ लागते ती सीट शिरवळपर्यंतच. पुढे फोम दबतो आणि हाडं खालच्या पत्र्याला लागतात." यात चूक काही नाही. काकांचं शास्त्र पक्कं असतं, हीच तर अडचण आहे. मेमरी फोमचा विषय निघाला की ते नासावर जातात: १९६६ साली विमानाच्या सीटसाठी शोधला गेलेला हा पदार्थ. आयर्न बट असोसिएशन नावाच्या अमेरिकन संस्थेचे लोक चोवीस तासांत हजार मैल, म्हणजे सोळाशे किलोमीटर कापतात, हेही त्यांना पाठ. स्वतः काका खंबाटकी घाट ओलांडला की चहाला थांबतात आणि बहुधा तिथूनच वळतात.

पहिली सीट जेलची आणली. ती एप्रिलमध्ये मंडईबाहेर उन्हात उभी राहिली आणि काकू बसल्या तशा उठल्या. मग हवेची गादी. तिच्यात हवा जेमतेम बूड टेकणार नाही इतकीच ठेवायची असते. पण काकांनी दिलेले पैसे वसूल होईपर्यंत भरली. काकू वर हौद्यात, काका खाली माहूत, अशी ती स्वारी लक्ष्मी रोडनं निघाली. मग आली रुंद टूरिंग सीट. हिच्यावर मांडी छान विसावते, फक्त पाय जमिनीला पुरत नाहीत. सिग्नलला काका चवड्यावर उभे असत आणि शेजारचा रिक्षावाला सवयीनं हात पुढे करून ठेवी.

खरी परीक्षक काकू. त्यांचा अभिप्राय दोनच शब्दांचा, "बरी आहे." पण या 'बरी आहे'चे सूर इतके की काका रात्री अंथरुणावर पडून अर्थ लावत बसतात. सुरात 'बरी' लांबली तर फोम बदलायचा, 'आहे' तुटलं तर शिलाई टोचतेय. काकूंना थेट विचारायची पद्धत या जातीत नाही. ग्रुपात विचारतात, सीटवाल्याला विचारतात, बंगळुरूच्या भाच्याला विचारतात.

एकदा घरचं लग्न आलं. नव्या सीटला मागे दोन मांड्यांसाठी दोन खोलगट वाटा कोरलेल्या. काकू पैठणीत, त्यामुळे दोन्ही पाय एका बाजूला. मधला उंचवटा नेमका नको तिथे आला. काकांनी शोभेला आड येतं म्हणून साडीगार्डही काढून ठेवलेलं. काकू निवृत्त शिक्षिका. पार्किंगमध्ये उभ्या उभ्या त्यांनी १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम ऐकवला: मागच्याला धरायला पकड, पाय टेकायला जागा आणि कपडे अडकू नयेत म्हणून चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं आवरण. मुहूर्त जवळ आलेला, काका झब्ब्याच्या बाह्या सारून पाना फिरवतायत, आणि काकू रिक्षानं पुढे गेलेल्या.

मधल्या काळात घरात सीटा साचल्या. एक गॅलरीत झाडांना पाणी घालताना बसायला, एक माळ्यावर. स्प्रिंगवाली जुन्या घाटाची सीट हॉलमध्ये स्टूल म्हणून आहे. तिच्यावर मी बसलो आहे. सगळ्यांत सुखाची तीच.

शेवटी गाडी सर्व्हिसिंगला आली तेव्हा गॅरेजमधल्या पोरानं मागचा शॉकअप पाहिला. तिथल्या स्प्रिंगला सहा खाचा असतात. एकट्यानं जायचं तर खालची खाच, डबलसीटला वरच्या. काकांची गाडी शोरूममधून निघाल्यापासून सगळ्यांत खालच्या खाचेवर होती. मागच्याची जागा जवळजवळ चाकावरच येते. पुढच्याला खड्डा दिसतो, तो पायांवर भार देऊन किंचित उठतो. मागच्याला खड्डा बसल्यावरच कळतो. पोरानं पाना लावून तीन खाचा चढवल्या, चाकातली हवा पाहिली आणि पैसे घेतले नाहीत.

संध्याकाळी सिंहगड रस्त्यानं जाऊन आल्यावर काकू म्हणाल्या, "आज बरी आहे हं सीट." 'हं' पहिल्यांदाच आला होता.

"फोम सेट व्हायला वेळ लागतो," काका कट्ट्यावर सगळ्यांना सांगत होते. "घाई करून चालत नाही." काकूंनी मान डोलावली. गॅरेजच्या पोराला मात्र त्यांनी दिवाळीचा फराळ स्वतः नेऊन दिला.

गेल्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरच्या मुलानं नवी गाडी घेतली. हॅण्डलचा हार अजून सुकला नव्हता. काका खाली उतरले, गाडीभोवती एक फेरी मारली, सीटवर अंगठा दाबला आणि विचारलं, "रविवारी सकाळी मोकळा आहेस का? नाना पेठेत एक माणूस आहे माझ्या ओळखीचा."