कायद्याला हवी पंधरा मीटर जागा

दिवाळी तोंडावर आली की पोलीस आयुक्तालये आणि जिल्हाधिकारी कार्यालये फटाक्यांचे आदेश काढतात. गेल्या वर्षीची फाइल उघडायची, तारखा बदलायच्या, खाली सही-शिक्का. वर्तमानपत्रे तो आदेश आतल्या पानावर एका कॉलमात बसवतात आणि शेजारी फटाका स्टॉलची जाहिरात लावतात. सगळे आपापले काम चोख करतात.

आदेश वाचनीय असतो, एवढे श्रेय द्यायला हवे. फटाका फुटल्यावर चार मीटरवर आवाज १२५ डेसिबलच्या वर जाता कामा नये, हे त्यातले हुकमी कलम. मर्यादा १९९९ सालची. ती मोजायची कशी, हेही नियमात लिहिले आहे. खाली पाच मीटर व्यासाची टणक काँक्रीटची जमीन हवी, हातात मान्यताप्राप्त यंत्र हवे आणि फटाक्यापासून पंधरा मीटरपर्यंत आवाज परतवणारे काहीही नको. आता डोंबिवलीत पंधरा मीटर मोकळी जागा शोधा. तेवढ्यात तीन इमारती, एक वडापावची गाडी आणि माजी नगरसेवकांचे जनसंपर्क कार्यालय बसते. मैदानात कायद्याने वागणारा सुतळी बॉम्ब दोन इमारतींच्या बोळात लावला की भिंती त्याला साथ देतात आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांच्या खिडकीची तावदाने हलतात. नियम मोडला का? छे, बॉम्ब तर चाचणीत पास झालेला आहे. आणि समजा, हवालदाराच्या हातात मीटर दिला, तरी वात पेटल्यावर त्याला तीन-चार सेकंद मिळणार. पंचनाम्यासाठी हाती उरणार सुतळीचे जळके टोक.

माळेची गंमत आणखी वेगळी. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये माळांवर बंदी घातली आणि २०२१ मध्ये ती पुन्हा बजावली. तरी काही जिल्ह्यांच्या आदेशांत माळेत फटाके किती, त्यानुसार आवाज किती, याची प्रतवारी दिसते. म्हणजे जी वस्तू बाजारात असायलाच नको, तिने किती ओरडावे हे सरकारदरबारी ठरलेले आहे! बंदी घालणाऱ्याने एक कागद काढला, मर्यादा घालणाऱ्याने दुसरा. दुकानदाराने दोन्ही गल्ल्याखाली ठेवले आणि हजाराची माळ गिऱ्हाइकाच्या पिशवीत.

कायद्याला कान आहेत ते असे. नाक मात्र त्याला उशिरा फुटले. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ मध्ये फटाक्यांचा धूर मोजला, तेव्हा सगळ्यांत घाण निघाली ती नागगोळी. तीच ती काळी वडी, जी आपण 'अगदी निरुपद्रवी' म्हणून तीन वर्षांच्या पोराच्या हातात देतो आणि वर फोटो काढतो. आवाज शून्य, पण सूक्ष्म कण दर घनमीटरला चौसष्ट हजार मायक्रोग्रॅमच्या वर. आपल्याकडे हवेची दिवसभराची मर्यादा ६० आहे. पाऊस, म्हणजे भुईनळा, त्या मानाने सज्जन निघाला. आपण मात्र अजून आवाजावरून फटाक्याचे चारित्र्य ठरवतो.

मग आले हरित फटाके. ते शोधले नागपूरच्या नीरी संस्थेने, आणि स्फोटकांवर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या 'पेसो'चे मुख्यालयही नागपुरातच. म्हणजे औषध आणि पहारा दोन्ही एकाच गावात. या फटाक्यांतून सूक्ष्म कण साधारण तीस टक्के कमी निघतात, आणि खोक्यावर क्यूआर कोड असतो. तो कोड स्टॉलवर कुणी मोबाइल काढून तपासताना तुम्ही पाहिला असेल, तर त्या गृहस्थाला माझा नमस्कार सांगा. बाकी जनतेने तीस टक्के कमीचा अर्थ 'तीस टक्के जास्त घेऊन जा' असा लावला आहे.

स्टॉलचेही नियम आहेत, २००८ पासूनचे. दोन दुकानांत तीन मीटर अंतर, दुकानांची तोंडे समोरासमोर नकोत, एका ठिकाणी पन्नासपेक्षा जास्त नकोत. ऑक्टोबर २०१६ मध्ये औरंगाबादच्या जिल्हा परिषद मैदानावरचा फटाका बाजार भरदिवसा पेटला. शंभराहून अधिक दुकाने जळाली. पन्नासची मर्यादा तेव्हाही पुस्तकात होतीच. पुस्तक तेवढे सुखरूप राहिले.

वेळेचे काय? २०२३ मध्ये मुंबईची हवा इतकी बिघडली की उच्च न्यायालयाने आधी सात ते दहा आणि चारच दिवसांत ते कमी करून आठ ते दहा, अशी वेळ बांधून दिली. या सगळ्या पसाऱ्यात राबवता येईल असा नियम हा एकच. कारण त्याला मीटर लागत नाही, मनगटावरचे घड्याळ पुरते. दहा वाजून पाच मिनिटांनी फुललेले रॉकेट कुठल्या गच्चीवरून उडाले, ते अख्ख्या गल्लीला दिसते.

पण घड्याळही फक्त दिवाळीत चालते. निवडणुकीचा निकाल लागू द्या. भाऊ निवडून आले की रात्री अकराला मिरवणूक निघते. पुढे डीजे, मागे उघड्या जीपमध्ये गुलालाने माखलेले भाऊ आणि चौकात रस्ताभर पसरलेली दहा हजारांची माळ. तीच ती, बंदी असलेली. दोन कार्यकर्ते ती रिक्षातून गुंडाळी उलगडत आणतात, तिसरा उदबत्ती घेऊन तयार. पोलीस हजर असतात. माळ संपेपर्यंत वाहतूक अडवायला कुणीतरी हवेच. रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाचे फटाके बंद, हा नियम वर्षभरासाठी आहे. तो फक्त भुईचक्र फिरवणाऱ्या पोरांना माहीत आहे. वाढदिवस, अर्ज भरणे, पक्षप्रवेश, पक्षप्रवेशातून घरवापसी अशा मंगल प्रसंगी त्याला रजा असते.

दिवाळी संपली की वेळेचे बंधन मोडल्याबद्दल किती गुन्हे नोंदवले, याचा आकडा पोलीस पत्रकारांना देतात. माझी एवढीच विनंती आहे, एकदा मतमोजणीच्या रात्रीचाही द्यावा. मोठा नसला तरी चालेल, शून्य असला तरी छापू.